शब्दचर्चा: विभाजन की विभेदन? आणि ‘छोटा मेंदू’ म्हणावं का?

सांगली: मानवी मूळपेशींपासून (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात त्या) प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या ऊतीला बातम्यांत ‘छोटा मेंदू’ म्हणतात. चालेल का?

मिरज: नको. शाळेपासून ‘लहान मेंदू’ म्हणजे अनुमस्तिष्क, वाचक तिकडेच जाणार. हा तर जास्तीत जास्त ४ मिलिमीटरचा गोळा. मेंदूचे काही थर त्यात उमटतात, पण रक्तवाहिन्या नसल्यानं प्राणवायू आत पोचत नाही आणि गाभा मरतो. सरळ ‘मेंदू-ऑर्गनॉइड’ लिहा आणि मोकळे व्हा.

वाळवा: ‘मूळपेशी’चंही बघा. ऊसपट्ट्यात टिश्यूची रोपं सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं ती मुळाची पेशी वाटते. ‘मूलपेशी’ लिहिलं की नाळ साठवायच्या जाहिराती आठवतात!

मिरज: दोन्ही रूपं रुळलीत, लेखभर एकच ठेवा. नाळेचा इथं संबंध नाही. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांच्या गटानं २००७ मध्ये प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूळपेशींसारखं केलं, त्या आयपीएस पेशी. म्हणून रुग्णाच्याच पेशींपासून ही ऊती वाढवता येते.

कराड: खरा घोळ ‘विभाजन’ आणि ‘विभेदन’ यांत होतो. विभाजनात एका पेशीच्या दोन होतात. विभेदनात पेशीचं काम ठरतं, ती चेतापेशी वगैरे बनते. लँकेस्टर आणि नोब्लिक या शास्त्रज्ञांच्या मेंदू-ऑर्गनॉइडवरच्या २०१३ च्या कामात मायक्रोसेफली, म्हणजे डोकं फार लहान राहिलेल्या रुग्णाच्या पेशींपासून केलेले ऑर्गनॉइड लहानच राहिले. कारण पूर्वज पेशींचं, म्हणजे ज्यांपासून पुढं चेतापेशी बनतात त्यांचं, पुरेसं विभाजन व्हायच्या आतच विभेदन झालं. इथं शब्दांची अदलाबदल झाली तर निष्कर्षच उलटतो.

सांगली: आणि प्रत्यक्ष कृतीत हा फरक कुठं आडवा येतो?

कराड: पहिल्या दिवसापासून. पेशी न चिकटणाऱ्या, गोल तळाच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात सुमारे ९,००० पेशी घालतात. सुट्या केलेल्या पेशी मरतात, म्हणून सोबत रॉक इन्हिबिटर, त्यांना जगवणारं रसायन. मूळपेशींचं आधीच विभेदन सुरू झालं असेल तर गोळा नीट बांधला जात नाही, कड भुरभुरीत दिसते. ती गुळगुळीत आणि उजळ हवी. साधारण अकराव्या दिवशी गोळा मॅट्रिजेल नावाच्या, आधार देणाऱ्या जेलच्या ३० मायक्रोलिटर थेंबात बसवतात. मॅट्रिजेल बर्फावरच ठेवावं, पिपेटच्या टोकात कोमट झालं की तिथंच थिजतं.

मिरज: ‘थिजतं’ नको. तूप थिजतं ते गारठ्यानं, हे उबेनं घट्ट होतं.

कराड: मग ‘घट्ट होतं’ करा. थेंब ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून मगच वर पोषक माध्यम घाला. घाई केली की थेंब सुटून गोळा उघडा पडतो.