मुंबईत ड्रग्जच्या केसेस वाढल्या म्हणजे ड्रग्ज वाढले का?

घाटकोपरचा_पक्या: दर वर्षी पेपरात येतं, एनडीपीएसचे (अमली पदार्थविरोधी कायद्याचे) इतके गुन्हे, इतके अटकेत. घरी आई लगेच 'शहर वाया गेलं'. पण आकडा वाढला म्हणजे पिणारे वाढले की पकडणारे? आमच्याकडे थर्टी फर्स्टच्या आधी पंधरा दिवस एकदम धरपकड सुरू होते, मग शांत. कोणी नीट सांगेल का?

काळाकोट: फौजदारी वकील आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. आधी बघायचं की केस कसली आहे. बाळगणं-विकणं वेगळं आणि कलम २७, म्हणजे नुसतं सेवन, वेगळं. महाराष्ट्राच्या आकड्यात सेवनाचा वाटा मोठा असतो. गल्लीच्या कोपऱ्यावर चिलीम ओढणारी तीन पोरं उचलली की तीन आरोपी झाले, गांजासाठी कमाल सहा महिने कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बरेचसे कोर्टात गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि घरी, आणि शिक्षेचं प्रमाण मात्र झकास दिसतं. दुसरं म्हणजे एमडी. हे मेफेड्रोन २०१५ च्या फेब्रुवारीत कायद्याच्या यादीत आलं, त्याआधी पोलिसांकडे धड कलमच नव्हतं. त्यामुळे २०१४ आणि २०१६ चे आकडे शेजारी ठेवून 'बघा किती वाढलं' म्हणणं चूक. एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे धंद्याइतका मोठा माल, मग कलम ३७ मुळे जामीन महाकठीण, गांजाला तीच लाईन २० किलोवर.

कुर्ला_वेस्ट: वकीलसाहेब बरोबर पण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही. पोरांना उचलतात, पुडी विकणारा संध्याकाळी परत त्याच टपरीजवळ उभा. माझ्या मावसभावाला असंच नेलं होतं, ब्लड सॅम्पल, रात्रभर बाकड्यावर, मावशी बाहेर रडतेय. विकणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं तरी पुढे काय झालं देव जाणे.

निवृत्त_खाकी: सगळेच असे नसतात हो. छोट्या मालावरूनच वर जाता येतं. २०२३ ला साकीनाका पोलीस थोड्या एमडीच्या केसपासून सुरू होऊन नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यापर्यंत पोचले. पुण्यात २०२४ च्या फेब्रुवारीत विश्रांतवाडीतल्या मिठाच्या गोडाऊनवरून कुरकुंभ एमआयडीसी आणि पुढे दिल्ली, शेकडो किलो माल. अशा तपासाला महिने लागतात, आणि रजिस्टरमध्ये तो एकच गुन्हा! महिन्याच्या मीटिंगमध्ये वरचे विचारतात केसेस किती केल्या, मग हाताखालचे पोलीस काय करणार, सेवनाच्या दहा केसेस एका आठवड्यात होतात. एएनसीची (मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाची) पाच युनिटं मात्र मोठ्या मालावरच असतात, सेवनाच्या केसेस जास्त करून स्थानिक ठाण्यांच्या.

घाटकोपरचा_पक्या: म्हणजे आकड्यात आधी सेवन आणि विक्री वेगळं करून बघायचं. आणि हो, पेपरातले ते 'कोटींचे ड्रग्ज'?

काळाकोट: ती किंमत पोलीस आंतरराष्ट्रीय बाजाराच्या हिशोबाने लावतात, वजन बघत जा. @कुर्ला_वेस्ट भावाला सवय लागली असेल तर कलम ६४अ बघा, कमी मालात किंवा सेवनात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडायचे नाहीत, सोडले की सूट जाऊ शकते. केस अजून चालू आहे का?

कुर्ला_वेस्ट: चालू आहे, पुढच्या महिन्यात तारीख. हे ६४अ कोणीच सांगितलं नव्हतं. मेसेज करतो.