कॅनॉनिकल टाकला अन् वेफर्सची पानंच सर्चमधून गेली

रावेरचा केळीवाला:
राम राम मंडळी. आमचं घरचं केळी वेफर्सचं काम आहे, साइट मीच पीएचपीत हाताने लिहिलीय. एकच पान तीन-चार पत्त्यांवर उघडायचं, एक साधं, एक व्हॉट्सॲपच्या लिंकवरून यूटीएम (गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी शेपटी) चिकटलेलं, एक डब्लूडब्लूडब्लूवालं, म्हणून हेडरच्या फाइलीत कॅनॉनिकल लिंक (यातला अस्सल पत्ता कोणता ते गुगलला सांगणारा टॅग) टाकली अन् पत्ता दिला होम पेजचा. आता मसाला, मिरी, उपवासाचे, एकही पान सर्चमध्ये दिसत नाही. श्रावण तोंडावर आलाय हो, काय चुकलं?

धुळेकर:
भाऊ, हेडर तर सगळ्याच पानांना लागतो ना, मग तुमचं प्रत्येक पान गुगलला सांगतंय की मी नक्कल आहे, अस्सल म्हणजे होम पेज. तो पक्का पत्ता आधी काढा. पण त्याजागी रिक्वेस्ट यूआरआय (ब्राउझरने मागितलेला पत्ता) तसाच्या तसा छापू नका, यूटीएमही त्यात येईल अन् टॅग असून नसल्यासारखा. डेटाबेसमधल्या प्रॉडक्टच्या स्लगवरून (पत्त्यात येणारं त्याचं छोटं नाव) एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता बनवा. टॅग एचटीएमएलच्या हेड भागातच पाहिजे आणि एकदाच, बॉडीत गेला तर धरत नाहीत.

चाळीसगावची ताई:
दादा, यादीचं दुसरं पानही पहिल्याकडे वळवू नका, तिथली प्रॉडक्ट वेगळी असतात, त्याचा कॅनॉनिकल त्याचाच. आणि हा टॅग 2009 मध्ये गुगल, याहू, मायक्रोसॉफ्टने मिळून आणला तेव्हापासून गुगल त्याला इशाराच मानतं, हुकूम नाही. साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) अन् मेनूतल्या लिंका दुसराच पत्ता दाखवत असतील तर गुगल स्वतःच्या मनाने निवडतं. डब्लूडब्लूडब्लूचा घोळ मात्र सरळ 301 ने (जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवणं) मिटवा, तिथं टॅगवर विसंबू नका.

रावेरचा केळीवाला:
ताई, भाऊ, लई उपकार. रात्री बसून स्लगवरून केलं, 301 पण लावला. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारी सोय) यूआरएल तपासला तर मसाल्याच्या पानाला मी दिलेला कॅनॉनिकल अजून जुनाच दाखवतोय?

धुळेकर:
तो मागच्या क्रॉलचा, म्हणजे गुगल मागच्या वेळी पान वाचून गेलं तेव्हाचा आहे, वर तारीख बघा. लाइव्ह टेस्ट मारा, नवा टॅग तिथं दिसेल, मग इंडेक्सिंगची (पान गुगलच्या नोंदीत घेण्याची) रिक्वेस्ट टाका. उपवासाच्या पानापासून सुरू करा.

रावेरचा केळीवाला:
दिसला! अजून एक, होलसेलची रेट लिस्ट पीडीएफ आहे अन् तेच एका पानावरही आहे, पीडीएफला हेड कुठून आणू?

चाळीसगावची ताई:
पीडीएफसाठी सर्व्हरवरून लिंक नावाचा एचटीटीपी हेडर (फाइलीसोबत जाणारी माहितीची ओळ, तुमची हेडरची फाइल नव्हे) पाठवा, त्यात पानाचा पत्ता आणि रेल कॅनॉनिकल. सर्व्हर अपाचे असेल तर एचटीॲक्सेस नावाच्या सेटिंगच्या फाइलीत होतं, त्यात फाइलचं नाव नीट लिहा, नाहीतर परत सगळ्या साइटला लागेल.