मदत हवी आहे: फॉरमॅट मारायच्या आधी नानांच्या ओव्या आणि त्यांचा फॉन्ट कसा वाचवू?

नमस्कार मंडळी. अमळनेरहून लिहितेय. घरचा जुना डेस्कटॉप फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकायची वेळ आलीय आणि माझा हात धजत नाहीये. रविवारी दुरुस्तीवाला मशीन न्यायला येणार आहे. त्याआधी जाणकारांनी नीट सांगावं, ही विनंती.

मशीन २०१३चं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क आणि तिचे सी आणि डी असे दोन भाग. विंडोज १० आहे. महिनाभरापासून चालू व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. कधी कधी काळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी आपोआप सुरू होते आणि टक्क्यांचा आकडा एका जागी अडकून बसतो. कॅबिनेटला कान लावला तर आतून मधूनच टक्-टक् ऐकू येतं, आणि तेवढा वेळ माउसही जागचा हलत नाही. आमच्याकडे लाइट वरचेवर जाते. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच बसली, तेव्हापासून मशीन कितीदा धाडकन बंद पडलं त्याचा हिशेब नाही.

दुरुस्तीवाला म्हणतो, ‘ताई, फक्त सी फॉरमॅट मारू. डीला हात लागत नाही, दोन तासांत मशीन देतो.’ तो खोटं बोलत असेल असं नाही. पण डीवर काय आहे ते त्याला कुठे माहीत आहे!

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, निवृत्त शिक्षक. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी, कानबाई देवीची गाणी, जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ होत्या. सगळं अहिराणीत. नानांनी आधी ते वह्यांत उतरवलं. मग २००९ ते २०१६ रोज संध्याकाळी बसून कॉम्प्युटरवर चढवलं. वह्यांना पुढे वाळवी लागली. आजी गेली. आता जे काही आहे ते या डिस्कवर, २१४ फाइली. नानांना हल्ली पडद्यावरचं नीट दिसत नाही, पण मी मशीनपाशी बसले की शेजारी खुर्ची ओढून बसतात. काल एवढंच म्हणाले, ‘मन्ही मायना गाना जावाले नको.’

परवा पाच-सहा फाइली पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर उघडल्या, तर ओव्यांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड. फाइली बिघडल्या असंच वाटलं. रात्रभर झोप नाही. मग उलगडा झाला की नानांनी सगळं कृतिदेवमध्ये टाइप केलंय. त्यांचा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला, म्हणून तोच फॉन्ट त्यांना सोयीचा. त्यात ‘भारत’ लिहिलं तर फाइलमध्ये एच-के-के-जे-आर एवढंच साठतं, त्याला मराठी रूप देतो तो फॉन्ट. आणि फॉन्ट असतो सीवर! म्हणजे सी पुसला तर डीवरच्या फाइली शाबूत राहूनही वाचता येणार नाहीत.

तर फॉन्ट कुठून आणि कसा उचलू? फक्त सी फॉरमॅट केला तर डी खरंच सुरक्षित राहतो का? आणि एवढ्या जुन्या मशीनवर नवं काय टाकावं? दोन-तीन हजारांपर्यंत खर्च करू शकते.

प्रतिसाद

ताई, टक्-टक् येतंय ना, म्हणजे डिस्कच बिघडत चालली असणार, मग फॉरमॅटचा विषय आज बाजूलाच ठेवा. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत. भिंतच खचत असेल तर दुसऱ्या खोलीतलं सामान सुरक्षित कसं म्हणायचं? त्यात क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी पुसतो, पण फुल फॉरमॅट त्या भागावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहीत जातो. दुखऱ्या डिस्कला तेवढा ताण म्हणजे शेवटचाच. ती तपासणी पुन्हा सुरू झाली तर तीही वेळेत कीबोर्डवरची कळ दाबून टाळा.

मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवा आणि मशीन त्यावरून चालू करा. ‘इन्स्टॉल’ नाही, ‘ट्राय’ निवडायचं. असं केलं की जुनं विंडोज उठतच नाही, डिस्कला फक्त वाचायचं काम उरतं. सगळ्यात आधी ओव्यांच्या फाइली घ्या, लगेच सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर अख्खं घ्या. नंतर सीवरचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. पुष्कळांचं जातं ते तिथलंच. फोटो-व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

मग जुनी डिस्क फॉरमॅट करूच नका. २५६ जीबीची साटा एसएसडी (आत फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जुन्या बोर्डावर त्याच केबलने बसते. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवा. सेटअपच्या यादीत सी-डी अशी नावं येत नाहीत, ‘पार्टिशन १, २, ३’ असं येतं, आणि घाईत भलताच भाग पुसला जातो. विंडोजची प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) मागितली तर ‘माझ्याकडे नाही’ म्हणा. तुमचं विंडोज १० ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट जोडलं की लागू होतो. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते सोडा. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, म्हणून बँकेची कामं त्यावर करू नका. नुसतं लिहिण्या-वाचण्यासाठी उबुंटूसारखंच फुकट मिळणारं लिनक्स मिंटही छान चालेल.

मूळ धागाकर्ती, रविवारी रात्री

दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं. भावाने उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून दिला. २१४पैकी २११ फाइली आल्या, उरलेल्या तीन उघडताना डिस्क टक्-टक् करून थांबते, म्हणून त्यांच्या नादी लागले नाही. फॉन्ट्सचं फोल्डर आलं. कृतिदेवची फाइल लॅपटॉपवर इन्स्टॉल केली, तीच गिचमिड असलेली फाइल पुन्हा उघडली आणि आजीची ओवी समोर! अक्षर मोठं करून नानांना दाखवलं. त्यांनी पडद्याला नाक लावून पहिली ओळ वाचली, दुसरी न बघताच म्हटली.

सगळ्यांच्या पीडीएफ करतेय, त्यात फॉन्ट आतच बसतो, म्हणजे कुठेही वाचता येईल. एसएसडी मंगळवारी येईल.

एक अडचण राहिली. युनिकोडमध्ये (म्हणजे खास फॉन्टशिवायही मराठी मराठीच दिसेल अशा रूपात) न्यायला एक कन्व्हर्टर वापरून पाहिला. ऱ्हस्व वेलांटी जागेवर आली (कृतिदेवमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, तेव्हा धाकधूक होती). पण ‘वऱ्हाड’मधला र तुटतो, आणि अहिराणीत हे ‘ऱ्ह’ पावलोपावली आहे. मराठी मजकुरावर हे काम कोणी केलंय का? कोणता कन्व्हर्टर वापरलात? की सगळ्या फाइलींत तो र हातानेच दुरुस्त करावा लागेल?