अल्फा लावल : बेख्टोल्सहाइम यांचं नाव राहून जाऊ नये

सेपरेटर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करणारी यंत्रं, बनवणारी स्वीडिश कंपनी अल्फा लावल ही गुस्ताफ द लावाल या एकाच अभियंत्याची कर्तबगारी, असं म्हटलं जातं. थोडी भर घालतो. भांडं वेगाने फिरवून दुधातून साय सतत वेगळी करणारं त्यांचं यंत्र १८७८चं. १८८३ साली ऑस्कर लाम यांच्यासोबत त्यांनी स्टॉकहोममध्ये कंपनी काढली, नाव 'सेपरेटर'. पण माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन संशोधकाच्या पेटंटमुळे. फिरत्या भांड्यात एकावर एक शंकूच्या आकाराच्या पातळ चकत्या बसवायच्या. दूध त्यांच्यामधून पातळ थरांत विभागलं जातं, सायीच्या कणांना फार थोडं अंतर कापावं लागतं आणि तेवढ्याच भांड्यातून कितीतरी जास्त दूध निघतं. कंपनीने हे पेटंट विकत घेतलं. 'अल्फा' हे या चकत्यांचंच नाव, ते १९६३मध्ये कंपनीच्या नावात आलं. आजही जहाजांवर इंधन आणि वंगण स्वच्छ करणारे सेपरेटर याच तत्त्वावर चालतात.

पुण्यातल्या मंडळींना दापोडीचा कारखाना ठाऊक असेलच, तो याच कंपनीचा.

आणि दूध काढायची 'डीलावल' यंत्रं आता वेगळ्या घरची : १९९१मध्ये टेट्रा पाकच्या मालकांनी अल्फा लावल घेतली, २०००मध्ये विकली, पण गोठ्याचा धंदा स्वतःकडेच ठेवला.