सिगारेट ओढणाऱ्यांना विमानात प्राणवायू कमी पडतो का?

प्रश्न:
माझे वडील बासष्ट वर्षांचे असून गेली चाळीस वर्षे रोज दहा-बारा सिगारेटी ओढतात. पुढच्या महिन्यात ते मुंबईहून लंडनला बहिणीकडे जाणार आहेत. विमानातल्या विरळ हवेचा विषय काढला, की ते घरच्या ऑक्सिमीटरवरचा ९७ हा आकडा दाखवून मला गप्प करतात. हा आकडा पुरेसा मानावा का?

उत्तर १:
मानू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि बोटाला लावायचे साधे यंत्र या दोहोंतला फरक ओळखत नाही, त्यामुळे त्या ९७ मधले चार-पाच टक्के चक्क धुराचे असू शकतात. शिवाय उरलेले हिमोग्लोबिनही प्राणवायू पेशींना सहजासहजी सोडत नाही, आणि हे नुकसान कोणत्याही आकड्यात दिसत नाही. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब ८,००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ पावणेदोन पट उंचीवरचा, असू शकतो. तिथे निरोगी माणसाचाही आकडा ९० ते ९३ पर्यंत उतरतो.

उत्तर २:
मी वैमानिकांना शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. डोळ्याच्या पडद्याला प्राणवायू फार लागतो, त्यामुळे रात्रीची नजर सुमारे ५,००० फुटांपासूनच मंदावू लागते आणि धूम्रपान करणाऱ्याची त्याहूनही आधी. मात्र खुर्चीत बसून राहणाऱ्या प्रवाशाला, फुप्फुसे धड असतील तर, सहसा काही जाणवत नाही. खरा प्रश्न चाळीस वर्षांच्या धुराने त्या फुप्फुसांचे काय केले आहे, हा आहे.

प्रश्नकर्ता:
एक जिना चढताना ते थांबतात, हे खरे. निदान त्या दिवशी सिगारेट बंद ठेवल्याने काही फरक पडेल का?

उत्तर १:
पडेल. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दर चार-पाच तासांनी निम्मा होतो, त्यामुळे आदल्या रात्रीपासून थांबल्यास बराचसा निघून जातो. विमानतळावरच्या धूम्रपान कक्षात ओढलेली शेवटची सिगारेट मात्र सर्वांत वाईट, कारण तिचा वायू घेऊनच माणूस वर जातो. तलफ असह्य झाली, तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंगगम वापरता येईल. त्यात हा वायू नसतो. पण ते जिन्यात थांबत असतील, तर तिकिटाआधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. १५ टक्के प्राणवायूची हवा श्वासातून देऊन, विमानात जादा प्राणवायू लागेल की नाही, हे जमिनीवरच पाहण्याची चाचणी असते.