छोट्या गावाला परवडत नाही?

"कचरा वेगळा करणं मोठ्या शहरांना जमतं, छोट्या नगरपरिषदेकडे पैसा कुठून येणार?" हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला बघा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम १२ हजार. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरातूनच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, तर प्लास्टिकचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात. जिथे आधी कचऱ्याचे ढीग होते, तिथे आता बाग आहे, लोक मुद्दाम बघायला येतात!

पैशांपेक्षा अवघड आहे ती सवय. खरकट्यात एक दुधाची पिशवी गेली, की ती पिशवी बरबटते, चुरा करायच्या कामाची राहत नाही, आणि बायोगॅसच्या टाकीत गेली तर तिथेही अडकून बसते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पिशवी वेगळी काढायचं काम घरी केलं तर दहा सेकंदांचं, कचरा डेपोवर मात्र कुणाला तरी सडक्या ढिगात हात घालावा लागतो. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

आमच्या सोसायटीत आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवायला लागलो. आधी चार घरं होती, आता बहुतेक सगळी. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, एवढं जरूर सांगा सगळ्यांना. तो इवलासा तुकडा नंतर कुणालाच वेचता येत नाही.