इंजिनवाल्यांना सरसकट हाकला म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

चिखलवाट

'अनवाणी' यांचं परवाचं लिखाण वाचलं. दोन दिवस गप्प राहून बघितलं, जमलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रानातल्या सार्वजनिक वाटांवर क्वाड (चार जाड टायरांची, बाइकसारखी वर बसून चालवायची गाडी), डर्ट बाइक, जीप, इंजिन असलेलं काहीही येता कामा नये. नियम करून उपयोग नाही, कारण "ही जमात" नियम पाळत नाही. म्हणून सगळीकडे बंदी.

"जमात" वाचून डोकं फिरलं. मी १५ वर्षं क्वाड चालवतोय. वाट ओली असेल तर गाडी ट्रेलरवरून खाली उतरवत नाही. डबकं आलं तर मधून जातो, कारण कडेने गेलं की तिथे दुसरं डबकं होतं, मग तिसरं, आणि दोन हातांची वाट सहा हातांची होते. समोरून घोडा आला तर इंजिन बंद करतो, हेल्मेट काढतो आणि स्वाराशी मोठ्याने बोलतो. हेल्मेटमधलं ते डोकं घोड्याला माणसाचं वाटतच नाही. आवाज ऐकला की त्याचे कान सैल पडतात.

बंदीने काय होतं ते मी पाहिलंय. आखलेली वाट बंद केली की ती शिस्तीने वापरणारा माणूस घरी बसतो. बेशिस्त माणूस न आखलेल्या रानात शिरतो. अमेरिकेच्या वनखात्याने २००५ मध्ये केलेला नियम मला म्हणूनच पटतो. त्याआधी तिथल्या बऱ्याच जंगलांत 'बंदचा फलक नाही म्हणजे खुलं' असं चालायचं. २००५ नंतर ते उलटं झालं. नकाशावर दाखवलेली वाट तेवढी खुली, बाकी सगळं बंद, तिथे फलक असो वा नसो. कुठल्या वाटेवर कुठली गाडी आणि वर्षातल्या कुठल्या काळात, तेही नकाशावरच छापलेलं. नकाशा फुकट. 'मला माहीत नव्हतं' ही सबबच उरत नाही. काही वाटांना ५० इंचांपेक्षा रुंद गाडी चालत नाही, तिथे फाटकाचे खांबच तेवढ्या अंतरावर रोवतात. मला असे नियम हवेत, कडक हवेत. पण हाकलून द्यायला मी काही चोर नाही.

अनवाणी

"जमात" हा शब्द मागे घेतो. तो रागात लिहिला गेला. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

तुम्ही इंजिन बंद करता, चांगलं करता. पण वाटेचं काय होणार हे तुमच्या चांगुलपणावर ठरत नाही. ते तिच्यावरून जाणाऱ्या सर्वांत वाईट चालकावर ठरतं. १९४२ ते १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याचे जनरल पॅटन यांनी उभारलेल्या सराव क्षेत्रात, तिथल्या मोहावेच्या वाळवंटात रणगाडे फिरले. त्यांच्या चाकोऱ्या आजही तिथे दिसतात. रणगाडा म्हणजे क्वाड नव्हे, हे सांगायला येऊ नका, मला कळतं. पण कोरड्या जमिनीवरचा तो पातळ जिवंत थर एकदा फुटला की माणसाच्या आयुष्यात भरून येत नाही. तो फोडायला रणगाडा लागत नाही, एक चाक पुरतं.

तुम्ही अमेरिका सांगितली, मी स्वीडन सांगतो. तिथे कुणाच्याही रानातून चालायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याच देशात १९७५ चा कायदा आहे की बर्फ नसलेल्या उघड्या जमिनीवर रस्ता सोडून मोटार घालायची नाही. नॉर्वेनेही १९७७ मध्ये असाच कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर जुनी घोडागाडीची वहिवाट दाखवून मोटारीचा हक्क मागायची पद्धत होती. २००६ च्या कायद्याने ती बहुतेक बंद केली. या लोकांना निसर्गाचं वावडं नाही. त्यांनी विचार करूनच हे केलं.

चिखलवाट

स्वीडनचं अर्धंच सांगितलंत. तो कायदा शेतीच्या आणि जंगलाच्या कामाला सूट देतो. बर्फ पुरेसं असेल आणि रोपांना, शेताला धोका नसेल तर स्नोमोबाइल चालते, तिच्यासाठी आखलेल्या वाटाही आहेत. म्हणजे त्यांनीही जमीन आणि ऋतू बघूनच नियम केला. मी तेच म्हणतोय.

रानवेडी

मी दर मोसमात वाटदुरुस्तीला जाते, म्हणून मधे बोलते. चढाच्या वाटेवर आम्ही तिरका दगडी बांध घालतो, वीतभर उंचीचा. पाणी वाटेवरून न धावता उताराच्या बाजूला निघून जावं, एवढंच त्याचं काम. खणायचं, दगड निम्म्याहून जास्त गाडायचा, फटीत चिपा ठोकायच्या, वरून माती चोपायची. दोघांचा अर्धा दिवस एका बांधाला जातो. एकजण चढावर थ्रॉटल पिळून, मागचं चाक गरगरवत त्यावरून गेला की वरची माती उडते आणि दगड सैल होतो. पुढच्या दोन पावसांत पाणी दगडाला बगल देऊन थेट चाकोरीत उतरतं. मग ती वाट राहत नाही, ओढा होतो. गेल्या मोसमात एका चढावरचे ११ बांध आम्ही दुसऱ्यांदा घातले.

चिखलवाट, तुम्ही ओल्यात गाडी उतरवत नाही म्हणता, मी विश्वास ठेवते. पण ओलं कोण ठरवणार? वरून सुकलेली वाट बोटभर खाली लोण्यासारखी मऊ असते. सकाळी गाडी ट्रेलरवर चढवून दोन तास प्रवास करून आलेला माणूस ती कोरडीच आहे असं स्वतःला पटवतो. मला बंदी नको. पाऊस पडला की फाटकाला कुलूप आणि वाट तपासूनच ते काढायचं, एवढं हवं.

आणि अनवाणी, तुम्हालाही एक सांगते. नागमोडी वळण टाळून सरळ खाली उतरणारे पायी लोकही तितकीच धूप करतात. त्या चोरवाटांवर मी काटेरी फांद्या टाकून टाकून दमले.

खोगीर

घोड्याचा विषय निघालाच आहे म्हणून. तीन वर्षांपूर्वी आंधळ्या वळणावर एक डर्ट बाइक भरधाव आली. माझी घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि मी पडले. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तो मुलगा परत आला, घोडी धरली, मदत येईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिला. चांगला होता. पण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की घोडा दिसला की थांबायचं, उतारावर असाल तर खालच्या अंगाला सरकायचं. परीक्षा घेतल्याशिवाय रस्त्यावर गाडी देत नाहीत, मग वाटेवर का देता?

आणि खरं सांगू, मला इंजिनापेक्षा सायकलवाल्यांची भीती जास्त वाटते. इंजिन निदान लांबून ऐकू येतं.

दोन_पेडल

आलं शेवटी सायकलवर! इंजिन नाही, धूर नाही, तरी प्रत्येक भांडणात आम्हाला इंजिनवाल्यांच्या रांगेत उभं करतात. अमेरिकेच्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात 'यांत्रिक वाहतूक' असे शब्द आहेत, त्यापायी तिथल्या राखीव रानात सायकललाही मज्जाव आहे. घोडा चालतो. ३०० किलोंपेक्षा जास्त वजनाचं, नाल ठोकलेलं जनावर चिखलात गेल्यावर काय खड्डे पडतात ते बघा कधीतरी. मी घंटी लावून फिरतो ताई, आणखी काय करू?

खोगीर

घंटी लावता त्याबद्दल आभार. तुमच्यासारखे दहात एक असतात.

रोलकेज

चिखलवाट यांचं बाकी सगळं मान्य. त्या ५० इंचांवर मात्र बोलणारच.

ते माप ठरलं तेव्हा वाटेवर क्वाड आणि बाइकच होत्या. मग साइड-बाय-साइड आल्या, म्हणजे दोघांनी शेजारी बसायच्या, स्टिअरिंगच्या गाड्या. सुरुवातीची पोलारिस आरझेडआर ८०० मुद्दाम ५० इंची काढली होती, फाटकातून जावी म्हणून. पुढे त्याच कंपनीची एक्सपी १००० आली ती ६४ इंची. रुंदी मिरवायला वाढवली नाही. सस्पेन्शन लांब झालं, गाडी उंच झाली, ती आडव्या उतारावर कलंडू नये म्हणून चाकं लांब गेली. तुमचा नियम लोकांना अरुंद आणि उंच गाडी घ्यायला लावतो आणि मग ती उलटते. माझ्या गाडीला पिंजरा आहे, पट्टे आहेत. क्वाडला काय आहे? उलटली की सगळा बोजा छातीवर.

चिखलवाट

ती उलटायचा धोका असेल तर सावकाश चालवा. वाट तुमच्या गाडीच्या मापाने का वाढवायची? माझ्या नेहमीच्या वाटेवर एक वळण आहे, आत दरड आणि बाहेर तीन झाडं. झाडं मांडीएवढी जाड. मागच्या महिन्यात गेलो तर तिन्ही बुंध्यापासून कापलेली, भुसा अजून ओला. आणि मातीत रुंद टायरचे दोन पट्टे, मी मोजले, बाहेरून बाहेर ६० इंचांच्या वर. १५ वर्षं मी त्या झाडांना खेटून गाडी काढली. त्या दिवशी तिथेच बसून राहिलो. पुढे जावंसं वाटलं नाही.

रोलकेज

मी कापली नाहीत. माझ्या गाडीत करवत असते ती आडवी पडलेली झाडं बाजूला करायला. एका नालायकाने केलं म्हणून ६४ इंची गाडी असलेला प्रत्येक माणूस झाडं तोडतो का? अनवाणींनी "जमात" म्हटलं तेव्हा तुम्हाला झोंबलं. आता तुम्ही आम्हाला तेच म्हणताय.

चिखलवाट

मी प्रत्येकाला म्हटलं नाही. पण ५० इंची गाडीवाल्याला ते झाड कापायची गरजच पडत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी कापलं आणि बाकीचे आता त्या वळणावरून मजेत जाताहेत. एकाने तरी तक्रार केली?

अनवाणी

मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही दोघंच सांगताय. तीन चाकी आली, मग चार चाकी, मग रुंद चार चाकी. दर वेळी वाट गाडीच्या मापाने वाढते. उद्या आणखी रुंद येईल. थांबायचं कुठे?

चिखलवाट

५० इंचांवर थांबायचं. तेच तर इथे भांडून सांगतोय.

रोलकेज

एक सांगतो, मग वाटल्यास शिव्या घाला. वडील ७१ वर्षांचे आहेत. अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा पाय ओढत चालतात. तरुणपणी त्या कड्यापर्यंत पायी जायचे, मला खांद्यावर घेऊन गेले आहेत. मागच्या वर्षी मी त्यांना पट्टा बांधून शेजारी बसवलं आणि वर नेलं. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो खडक तिथेच आहे." क्वाडवर त्यांना बसवता आलं नसतं, पायी तर नाहीच. "सार्वजनिक" वाट म्हणता ना? मग ती त्यांची नाही का?

अनवाणी

तुमच्या वडिलांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. खोटं बोलणार नाही. अशा माणसांसाठी वेगळी परवानगी असावी, हे मी मान्य करतो. पण त्यांच्या नावावर दर सुट्टीला ४० धडधाकट माणसं वर जाणार असतील तर ते मान्य नाही. आणि आवाज? मी त्या कड्यावर पक्षी ऐकायला जातो. सायलेन्सर बदललेली एक गाडी खालच्या दरीत फिरत असली की तासभर दुसरं काही ऐकू येत नाही.

चिखलवाट

आवाजाचं पटतं. कॅलिफोर्नियात १९८६ पासूनच्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे, नळीच्या तोंडापासून २० इंचांवर मोजून. आत शिरतानाच मीटर लावा, जास्त भरली तर गाडी परत ट्रेलरवर. आमच्यातलेच काहीजण सायलेन्सर काढून ताकद वाढली म्हणतात. ताकद नाही, फक्त कटकट वाढते. ठिणगी अडवणारी जाळीही त्याबरोबर जाते आणि कोरड्या गवतात वणवा लागायचं भय. इथे मी तुमच्या बाजूने.

रानवेडी

रुंदीवर तोडगा आहे, पण कुणी ऐकत नाही. लाकूड वाहायचे जुने रस्ते बरेचदा दहा-बारा फुटी असतात, खाली खडी असते, चर आखलेले असतात. रुंद गाड्यांना ते द्या, त्यातला एक कड्यापर्यंत जोडा. अरुंद वाटा ५० इंचांच्या आतल्यांना ठेवा. सर्वांत अरुंद आणि ओढ्याकाठच्या पायी माणसांना. एकच वाट सगळ्यांना द्यायची आणि मग ती फाटली की एकमेकांना दोष द्यायचा, हे आपण किती वर्षं करणार?

रोलकेज

लाकडाच्या रस्त्यावर चालवण्यात काही मजा नाही, तो रस्ताच आहे. पण कड्यापर्यंत जात असेल तर वडिलांसाठी घेईन. बाकीच्या ६४ इंचवाल्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही, ते ऐकणार नाहीत.

खोगीर

न ऐकणाऱ्यांना दंड करा. तो भरला नाही तर गाडी जप्त. नुसत्या फलकाने माझं मनगट जुळलं नाही.

अनवाणी

लिखाणातलं "सगळीकडे" काढतो. त्याजागी "अरुंद वाटांवर, ओढ्याकाठी आणि ओल्या दिवसांत" असं लिहितो. याच्या पुढे मी सरकणार नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या आदेशातही गाड्यांच्या वाटा आखताना माती, पाणी, झाडं, वन्यजीव आणि इतर माणसांना होणारा त्रास कमीत कमी ठेवा, असंच होतं. पुढचे एक अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये त्यात भर घातली की नुकसान दिसलं की वाट ताबडतोब बंद करा. अंमलबजावणी होईल तेव्हा मला सांगा.

चिखलवाट

ओल्या दिवसांत बंद, मान्य. कुलपासकट मान्य. ओढ्याकाठीही मान्य. अरुंद वाटांचं मान्य नाही, त्याच माझ्या वाटा आहेत.

रोलकेज

चिखलवाट, त्या वळणाचे फोटो काढले असतील तर पाठवा. टायरच्या नक्षीचेही. आमच्या गटात ६४ इंची चार गाड्या आहेत. माझी सोडून उरलेल्या तिघांना मी विचारणार आहे.